राजय्याच्या दंडातला निळा रंग

दुसऱ्यांच्या शरीराचे बारीक काप करणं हा माझा पस्तीस वर्षांचा धंदा. ऐकणारा दचकतो, म्हणून लग्नकार्यात कुणी विचारलं तर मी नुसतं "दवाखान्यात असते" एवढंच सांगायची. मग समोरची बाई लगेच "माझे गुडघे फार दुखतात हो" म्हणून सुरू व्हायची आणि मला मान डोलावत बसावं लागायचं. गुडघा का दुखतो हे मला काडीचंही ठाऊक नव्हतं. माझी ओळख फक्त तुकड्याशी. कापून आलेला, बाटलीत बुडवलेला, चिठ्ठी लावलेला तुकडा.

सोलापुरातल्या एका मोठ्या दवाखान्याच्या प्रयोगशाळेत मी टेक्निशियन होते. दवाखान्याचं नाव घेत नाही, कारण पुढं एका चुकीची गोष्ट येणार आहे आणि ती चूक संपूर्णपणे माझी होती. आमचं काम थोडक्यात असं. सर्जन गाठ काढतो, पण ती साधी की कर्करोगाची हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. म्हणून तिचा तुकडा आमच्याकडे येतो. आम्ही तो टणक करतो, मेणात बसवतो, कागदाहूनही पातळ कापतो, रंगवतो आणि काचेवर चिकटवून डॉक्टरांच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतो. डॉक्टर वाचतात आणि सही करतात. पण ते वाचतात ते अक्षर आमच्या हातचं असतं, आणि हे मी निवृत्त झाल्यावरच मोठ्यानं म्हणायला शिकले.

या धंद्यातला पहिला नियम म्हणजे तुकडा आला की तत्काळ फॉर्मालिन या मांस नासू न देणाऱ्या द्रावणात बुडवायचा. सोलापूरच्या उन्हाळ्यात उघड्यावरचं मांस दुपारपर्यंत नासतं. हा नियम माझ्या हाडात भिनला तो जेऊरच्या बरणीमुळं. तिकडच्या एका भल्या डॉक्टरांनी एका बाईच्या स्तनातली गाठ काढून रेल्वेनं आमच्याकडे पाठवली. पाठवली ती लोणच्याच्या बरणीत, शेंगदाण्याच्या तेलात बुडवून. बरणी घेऊन आलेला दीर मोठ्या विश्वासानं म्हणाला, "तेलात लोणचं वरीसभर टिकतंय की, ताई." गाठीचा पार लगदा झाला होता. त्या बाईचं निदान कधीच झालं नाही, आणि ते माझ्या मनाला इतकं लागलं की त्यानंतर कुणी तुकडा हातात दिला की माझा हात आधी फॉर्मालिनच्या बाटलीकडे जायचा आणि मग तोंड नाव-गाव विचारायचं. सगळे हसायचे. मला त्याचा अभिमान होता.

आता राजय्याची गोष्ट. आणीबाणी उठली त्या वर्षीचा मे महिना.

राजय्या पूर्व भागातल्या एका चादरीच्या कारखान्यात सूत रंगवायचा. वय चाळीसच्या आतबाहेर. वीस वर्षं रंगाच्या हौदात हात घातल्यामुळं त्याची नखं कायमची निळी झाली होती. खोकला धरून बसला म्हणून आला, फोटोत फुप्फुसात गाठ दिसली, मानेत दुसरी सापडली. मानेतला तुकडा माझ्याच टेबलावरून गेला होता, त्यामुळं तो कर्करोग आहे आणि पसरला आहे हे मला त्याच्या घरच्यांच्या आधी ठाऊक होतं. ऑपरेशनची वेळ टळून गेली होती. वॉर्डात ठेवलं होतं ते खोकला आणि दुखणं आवरायला.

पण वॉर्डात चर्चा गाठीची नव्हती. चर्चा होती राजय्याच्या अंगाची. चार महिन्यांपूर्वी ओल्या सुताची ओझी उचलणारा माणूस, त्याचे दंड वाळत चालले होते. आणि तो जेवत होता! सगळी गंमत आणि सगळं दुःख यातच होतं. त्याची बायको पद्मा रोज दोन वेळा डबा घेऊन यायची. भाकरी, वरण, अंडं, तांब्याभर दूध. ती त्याला कॉटवर भरवायची नाही, बाहेर व्हरांड्यात आणून बसवायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "झाली बघा दुसरी भाकरी. आता अंडं खावा." सुरुवातीला मला वाटलं, बाई जरा नाटकी आहे. मग कळलं की ती साक्षीदार गोळा करत होती.

कारण यल्लूबाई. राजय्याची थोरली बहीण. तिचा नवरा होटगी स्टेशनात कामाला, त्यामुळं ती रोज पॅसेंजरनं यायची. आई लहानपणीच गेली, राजय्याला तिनंच वाढवलेलं. आल्या आल्या ती डब्याचं झाकण उघडून वास घ्यायची, भावाचा दंड चिमटीत धरायची आणि वॉर्डाला ऐकवायची.

"चार चार भाकरी खातोय म्हंती ही. मग अंगाला का लागत न्हाय? कुटं जातंय ते? गाठ छातीत हाय की, पोटात तर न्हाय. घालतच नसंल ही नीट!"

पद्मा उलट बोलायची नाही. फक्त यल्लूबाई संध्याकाळच्या गाडीनं जाईपर्यंत ती स्वतः एक घास तोंडात घालायची नाही, म्हणजे 'नवऱ्याचं खाते' असं कुणी म्हणायला नको. एका बुधवारी यल्लूबाईनं जाहीर करून टाकलं, "रविवारी मी त्याला होटगीला न्हेनार. माझ्या हातचं खाऊन बघा कसा भरतोय. ही हितंच राहू दे."

त्या दिवशी दुपारी पद्मा प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभी राहिली. रिपोर्ट न्यायला यायची म्हणून आमची ओळख होती. मी मंद्रूपची, आमच्या घरी कानडी, तिच्या घरी तेलुगू, आणि मधल्या मध्ये दोघींचं मराठी. ती मला 'अक्का' म्हणायची.

"अक्का, तुमच्या त्या काचंत समदं दिसतं म्हंत्यात."

"बरंचसं दिसतं. का गं?"

"मग मी त्यांना घालत हुते ते दिसंल का?"

बारा वर्षांच्या नोकरीत असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. ती म्हणाली, "ते जाणार, मला ठाव हाय. पर नवऱ्याला उपाशी मारलं म्हणून माझं नाव ऱ्हाईल, अक्का. आनि शेवटचे दिस बी मला गावायचे न्हाईत."

मी तशीच उठले आणि डॉ. सबनीसांच्या खोलीत गेले. डॉ. सबनीस म्हणजे आमच्याकडे नव्यानं रुजू झालेले पॅथॉलॉजिस्ट. उंच, काटकुळे, शर्टाच्या खिशात चार पेनं आणि सतत काहीतरी नवीन करून बघायची खाज. पद्माचा प्रश्न मी त्यांना सांगितला तो "बघा हो लोक काय काय विचारतात" अशा सुरात. तर ते खुर्चीतून ताडकन उठले.

"महादेवीबाई, हाच तर प्रश्न आहे! याच प्रश्नानं मी महिनाभर झोपलेलो नाही!"

आणि त्यांनी कपाटातून एक अंगठ्याएवढी बाटली काढली. तिच्यात पिवळी पूड. मुंबईहून कुणा मित्रामार्फत मागवलेली. मग फळ्यावर भराभरा आकृती काढत त्यांनी मला जे सांगितलं ते माझ्या भाषेत असं.

आपलं शरीर पेशींचं, आणि प्रत्येक पेशीत अतिसूक्ष्म कण असतात. नाव मायटोकाँड्रिया. माझी जीभ त्या नावाला वळेना, म्हणून आम्ही त्यांना शेगड्या म्हणू लागलो. आपण खाल्लेलं अन्न पचून रक्तातून पेशीत येतं, श्वासातला प्राणवायूही तिथं पोचतो, आणि या शेगड्यांत दोन्ही मिळून शक्ती तयार होते. स्नायूंना सगळ्यात जास्त शक्ती लागते, म्हणून तिथं शेगड्याही गच्च भरलेल्या. डॉक्टरांचा संशय असा होता की कर्करोगात माणूस नुसता उपासमारीनं वाळत नाही. गाठ कुठंही असो, ती दूरवरच्या स्नायूतल्या या शेगड्यांचंच काहीतरी बिघडवत असावी. मग घास कितीही घाला, आत चूलच धड पेटत नसेल तर दंड भरणार कसा?

"आणि हे दिसतं?" मी विचारलं.

"ही पूड पाण्यात घातली की पिवळं पाणी होतं. त्यात स्नायूचा ताजा काप ठेवायचा. जिथं शेगडी चालू असेल तिथंच पाण्यातला पिवळा रंग निळा होऊन बसतो. जिथं बंद, तिथं कोरं."

तोपर्यंत मी जे रंगवत आले ते सगळं मेलेलं होतं. इथं रंग चढणार होता तो कामावर! चूल पेटलेली आहे की नाही ते रंग सांगणार होता. मी म्हटलं, डॉक्टर, आजच करू.

राजय्या तयार झाला. दुसऱ्या दिवशी गुरुवारी सर्जननी जागा बधिर करून त्याच्या डाव्या दंडातून हरभऱ्याएवढा तुकडा काढला. मी दारातच उभी. नर्सनं ओल्या गॉजमधला तुकडा माझ्या हातावर ठेवला, मी धावत प्रयोगशाळेत आले, आणि डॉक्टर मागून आत शिरेपर्यंत तुकडा टुपकन फॉर्मालिनच्या बाटलीत पडलेला होता.

कुणी सांगितलं नव्हतं. मी ठरवलंही नव्हतं. हातानं परस्पर काम उरकलं होतं.

डॉ. सबनीस बाटलीकडे बघत राहिले. फॉर्मालिन तुकडा टिकवतं, पण त्यातलं सगळं काम जिथल्या तिथं ठार करतं. शेगड्या विझल्या. तरीही आम्ही वेड्या आशेनं काप करून पिवळ्या पाण्यात ठेवला. तासभर बघितलं, दोन तास बघितलं. पाणी पिवळंच राहिलं आणि काप पांढरा. डॉक्टर एक शब्दही रागावले नाहीत, आणि त्याचंच मला जास्त झोंबलं. मरायला टेकलेल्या माणसाच्या वाळल्या दंडातून मी तुकडा काढवला आणि वाया घालवला. आजही हे लिहिताना कानशिलं गरम होतात.

संध्याकाळी मी स्वतःच वॉर्डात गेले. सांगायचं तर मीच सांगायचं. राजय्या उशाला टेकून बसला होता, एका बाजूला पद्मा, दुसऱ्या बाजूला यल्लूबाई. मी सगळं सांगितलं. फॉर्मालिन काय असतं, मी काय केलं, रंग का चढला नाही.

यल्लूबाई भडकली. "अंगावर मांस ऱ्हायलं न्हाय, आनि त्यातलं कापून नेऊन नासवलं व्हय? बास झालं!"

राजय्या मात्र हसायला लागला. हसता हसता त्याला खोकल्याची उबळ आली, पद्मानं पाठ चोळली. मग तो म्हणाला, "अक्का, सुताला खळ लावल्यावर रंग चढतो का? आमच्या खात्यात नवा गडी बी ही चूक करत न्हाय. आधी रंग, मग खळ. तुमी आधी खळ लावली."

खळ म्हणजे सूत कडक करायला लावतात ती कांजी. वीस वर्षं रंगात हात घातलेल्या माणसानं माझ्या चुकीचं इतकं नेमकं निदान केलं की मला रडू आणि हसू एकदमच आलं.

"घ्या दुसरं," त्यानं उजवा दंड पुढं केला. "पर दोन गोष्टी. रंग चढल्यावर मला दावायचा. आनि नुसतं माजंच सूत रंगवून काय कळणार? शेजारी चांगलं सूत ठेवावं लागतंय. त्याच पाण्यात, त्याच टायमाला. तवा कळतंय की रंग वाईट हाय का सूत."

मी जाऊन हे डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, "हे मी कॉलेजात दोन वर्षं शिकलो." आणि मग डोकं खाजवत, "पण चांगल्या माणसाचा स्नायू उद्याच्या उद्या कुठून आणायचा?"

"माझा घ्या," मी म्हणाले.

ते नको म्हणाले, सर्जनही नको म्हणाले. मी हटून बसले. चूक माझ्या हाताची होती, तर भरपाईही त्याच हातानं करू दे. शेवटी सर्जन वैतागून म्हणाले, "बाई, तुम्ही माणूस आहात की आग्यावेताळ?" पण तयार झाले. घरी मी सांगितलं, कपाटाचा पत्रा लागला.

आता हाताशी फक्त शनिवार उरला होता. रविवारी यल्लूबाई राजय्याला घेऊन जाणार होती. आणि त्यात शुक्रवारी आमचा गॅस संपला. ताजा तुकडा मेणात बसवता येत नाही, तो गोठवून कापावा लागतो. त्यासाठी आमच्याकडे एक जुनं यंत्र होतं, त्याच्या बुडाशी कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरमधून फस्स करून गार वायू सोडायचा की वर ठेवलेला तुकडा बर्फासारखा कडक. सिलिंडर रिकामा, पुण्याहून नवा यायला आठवडा. डॉक्टर डोक्याला हात लावून बसले. मी म्हटलं, हाच वायू तर गोटी सोड्यात घालतात! आणि सरळ हुसेनभाईंचा सोडावॉटरचा कारखाना गाठला.

"क्या करते अक्का इत्त्या ग्यास का?" हुसेनभाईंनी विचारलं. "मुर्द्यांकू सोडा पिलाते क्या?"

मी त्यांना राजय्याचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, भरलेला सिलिंडर हातगाडीवर चढवला आणि स्वतः ढकलत दवाखान्यापर्यंत आणून दिला. बदल्यात त्यांनी फक्त एवढंच मागितलं की रंग चढला तर कळवा.

शनिवारी सकाळी आधी माझा दंड, मग राजय्याचा. माझ्या दंडाला पट्टी, बधिरपणा उतरत चाललेला, आणि दोन्ही तुकडे दोन वाट्यांत. फॉर्मालिनची बाटली डॉक्टरांनी सकाळीच आपल्या खोलीत नेऊन कुलपात ठेवली होती. माझ्यावर विश्वास होता, माझ्या हातावर नव्हता.

तुकडा यंत्रावर ठेवला, गॅस सोडला. पहिला काप भुगा झाला. दुसरा सुरीला चिकटून फाटला. ताजं मांस कापणं म्हणजे महाकठीण, आणि दंड ठणकत असताना सुरी सरकवणं त्याहून कठीण. बाहेर ऊन एवढं की तुकडा क्षणात वितळू बघायचा. डॉक्टर गॅस सोडायचे, मी कापायची. "आता!" "थांबा!" "आता!" असा आमचा आरडाओरडा ऐकून बाहेर माणसं जमली. सातव्या खेपेला अख्खा काप निघाला आणि काचेवर अलगद बसला. माझा एक, राजय्याचा एक. मग आणखी दोन-दोन.

पिवळ्या पाण्याला आपल्या अंगाएवढी ऊब लागते, म्हणून जगभर ते गरम पेटीत ठेवतात. सोलापूरच्या मे महिन्यात आमची खोलीच त्याच्यापेक्षा तापलेली. आम्ही पेटीवर ओलं पोतं टाकून ती गार करत होतो. असं करणारी प्रयोगशाळा जगात दुसरी नसेल.

आणि मग वाट बघणं. मी काचेवरून डोळा हलवला नाही. पंधरा मिनिटं झाली असतील, माझ्या कापावर धुरकट जांभळी छटा दिसली. मी डोळे चोळले. छटा गडद झाली. निळी झाली.

"आलं! डॉक्टर, आलं! पेटलं!"

मी अक्षरशः नाचले. दंड दुखतोय हे विसरून नाचले. माझ्याच शरीराचा तुकडा, माझ्यापासून वेगळा होऊन तास होत आला, आणि त्यातल्या शेगड्या अजून पेटलेल्या! असं काही मी त्याआधी बघितलं नव्हतं, त्यानंतरही नाही. शेजारी राजय्याचा काप होता. त्याच्यावरही निळा आला, पण उशिरा, आणि फिका. पूर्ण तास झाला तरी फिकाच राहिला.

दुपारी राजय्याला चाकाच्या खुर्चीतून प्रयोगशाळेत आणलं. सोबत पद्मा, हातात डबा. मागोमाग यल्लूबाई, तोंड फिरवून. डॉक्टरांनी आधी माझा काप लावला. राजय्यानं डोळा टेकवला आणि रंगाऱ्याच्या आवाजात म्हणाला, "वा! चौकड्याची चादर हाय ही."

खरंच तसं दिसतं. चांगल्या स्नायूत काही धागे गडद निळे, काही फिके, आणि दोन्ही एकमेकांत व्यवस्थित विणलेले. मग डॉक्टरांनी त्याचा काप लावला. या वेळी तो बराच वेळ बघत राहिला.

"धागा बारीक झालाय," तो म्हणाला. "आनि रंग घेत न्हाय. गडद असायला पायजे तो बी उतरलाय. मधी मधी तर धरलाच न्हाय." त्यानं डोळा काढला. "पाणी तेच हुतं, अक्का?"

"तेच पाणी, तोच वेळ."

"मग रंगाचा दोष न्हाय," तो शांतपणे म्हणाला. मग बहिणीकडे वळला. "अक्का, तू बघ."

यल्लूबाई आधी आलीच नाही. त्यानं पुन्हा हाक मारली तेव्हा पदर तोंडाला लावून आली. एक डोळा कसा मिटायचा ते तिला जमेना, मी माझ्या तळहातानं तिचा डोळा झाकला. आधी माझा काप, मग तिच्या भावाचा. मी सांगत गेले. अन्न पोटातून रक्तात जातं, रक्तातून इथवर पोचतं, आणि इथं या शेगड्यांत कामी येतं. तुमच्या भावाच्या शेगड्या विझत चालल्या आहेत.

"म्हंजे ही घालत हुती," ती काचेवरून डोळा न काढता म्हणाली, "ते हितवर येत हुतं?"

"येत होतं."

"आनि हितं चूल पेटत नव्हती."

"नव्हती. तुम्ही होटगीला नेऊन तूप घातलं असतं तरी पेटली नसती."

डॉ. सबनीसांनी घसा खाकरला. त्यांनी मला आधीच बजावलं होतं, की बाई, एका तुकड्यावरून काही सिद्ध होत नाही, फार तर संशय बळावतो. एखादा प्रामाणिक टेक्निशियन असता तर तेवढंच बोलला असता. मी पुराव्याच्या दोन पावलं पुढं जाऊन बोलले, ठासून बोलले, आणि डॉक्टरांनी मला अडवलं नाही.

यल्लूबाई मागे सरली आणि पद्माकडे बघू लागली. मला वाटतं, कित्येक दिवसांत पहिल्यांदाच ती तिच्याकडे बघत होती. पद्माच्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकल्या होत्या. गळ्याची हाडं वर आली होती. हिच्या अंगात तर गाठबीठ काही नव्हती. ही बाई नुसती जेवत नव्हती.

यल्लूबाईनं तिच्या हातातला डबा काढून घेतला. या खेपेला वास घेतला नाही. माझ्या कामाच्या टेबलावर, सूक्ष्मदर्शकाच्या शेजारी, तिनं तो उघडला, भाकरी मोडली, वरणात बुडवली आणि घास पद्मापुढं धरला. आपल्या भाषेत म्हणाली, "मुंदु नुव्वु तिनु." आधी तू जेव. प्रयोगशाळेत खाणं सक्त मना होतं, भिंतीवर पाटी माझ्याच अक्षरात होती. मी पाटीकडे पाठ करून उभी राहिले.

रविवारी राजय्या होटगीला गेला नाही. यल्लूबाईच पुढं आठवड्यातून चार दिवस पद्माकडे राहायला लागली. हुसेनभाईंना मी निरोप पाठवला, त्यांनी उलट गोटी सोड्याच्या बारा बाटल्या पाठवल्या.

डॉक्टरांनी पुढं आणखी काही तुकडे मिळवायचा प्रयत्न केला, पण पूड संपली, मग त्यांची बदली झाली, आणि ते काम तिथंच राहिलं. त्याची हळहळ मला आहे. आता नात मला मोबाइलवर वाचून दाखवते. कर्करोगात स्नायू का झिजतात यावर आता जगभर काम चाललं आहे म्हणे, आणि त्यात आमच्या शेगड्यांचं नाव येतं. गाठीमुळं शरीरात जी उलथापालथ होते ती या शेगड्यांनाही बिघडवते, आणि नुसतं खाऊ घालून गेलेला स्नायू परत आणता येत नाही. हे ऐकलं त्या दिवशी मी नातीला तीनदा वाचायला लावलं. आमच्या सोडावॉटरच्या गॅसवर कापलेल्या त्या एका कापानं काहीच सिद्ध केलं नव्हतं, हे मला मान्य आहे. पण मी पद्मासाठी जे जास्तीचं बोलले ते खोटं ठरलं नाही, आणि इतकी वर्षं छातीवर असलेलं ओझं त्या दिवशी उतरलं.

राजय्या श्रावणात गेला. पद्माच्या मांडीवर, स्वतःच्या घरात. दहाव्या दिवशी मी भेटायला गेले. खोली बायकांनी भरलेली. पद्मा भिंतीला टेकून बसलेली, यल्लूबाई तिला अगदी खेटून. तेवढ्यात नात्यातली एक वयस्क बाई आली, बसली, डोळे पुसले आणि उसासा टाकून म्हणाली, "किती वाळला हुता गं. खायाप्यायाचं कुणी नीट बघितलं न्हाय वाटतं."

पद्मानं मान खाली घातली.

"कोन म्हनतंय?" यल्लूबाई ताठ झाली. "हिनं घातलं. दोन्ही टायमाला घातलं, सोता उपाशी ऱ्हाऊन घातलं. माझ्या भावाची चूल आतनं इझली हुती. मी ह्या डोळ्यांनी बघितलंय, काचंतनं. ह्या अक्काचं मांस आनि माझ्या भावाचं मांस, शेजारी शेजारी लावून बघितलंय."

त्या बाईचा विश्वास बसेना. कुणाचा बसेल? मांस शेजारी लावून बघितलं म्हणे! ती माझ्याकडे बघायला लागली, मग सगळ्याच बघायला लागल्या.

"अक्का," यल्लूबाई म्हणाली, "दंड दावा ह्यांना."

दंडावरची ती खूण मी घरच्यांनाही धड दाखवली नव्हती. मी पुढं सरकले, पदर सावरला आणि सगळ्यांच्या देखत ब्लाऊजची बाही वर केली.